इथपर्यंत समजलं

"हे बघा बाई, तुमच्याच वर्गातलं!" शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात शिरून शिंप्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "पोरगी रोज एकच लिहितेय, समजलं नाही, समजलं नाही. मग शिकवता तरी काय? गणित सोडायचा अर्जच घेऊन आलोय."

लेक त्याच्या मागे मान खाली घालून उभी होती. तास संपताना डोक्यात काय चाललंय ते मुलांनी चिठ्ठीवर लिहून स्वतःजवळ ठेवायचं, ही टूम बाईंचीच. गणितात निबंध, म्हणून बाकीचे शिक्षक चेष्टा करायचे, ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पण त्यापायी ही मुलगीच हातची गेली तर?

त्यांनी चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. "तुम्हीच वाचा."

"काहीच समजलं नाही," शिंपी वाचू लागला. पुढची, "समीकरण समजलं, क्ष कुठून आला ते समजलं नाही." त्याचा आवाज जरा खाली आला. शेवटची कालची होती, "दोन्ही बाजूंना भागायचं इथपर्यंत समजलं. शून्याने का भागायचं नाही ते समजलं नाही."

"का नाही भागायचं?" त्याने न राहवून विचारलं.

"नियमच आहे तो," बाई सवयीने बोलून गेल्या.

"तेच तर!" लेक एकदम म्हणाली. "नियम पाठ आहे मला."

बाई ओशाळल्या. इतकी वर्षं हे उत्तर खपून गेलं होतं. त्यांनी खडू उचलला. "सहाला दोनाने भागलं की तीन, कारण बे त्रिक सहा. आता सहाला शून्याने भागा. शून्याला कितीने गुणलं की सहा येतील?"

"कितीनेही गुणा, शून्यच!" शिंपी म्हणाला. "येणारच नाहीत."

"हात्तिच्या!" लेकीला हसूच फुटलं.

शिंप्याने अर्जाची घडी खिशात कोंबली. "मी सातवीत गणित सोडलं, बाई. कुठे अडतंय ते कुणी विचारलंच नाही, नुसतं ढ म्हणाले. फार लागलं होतं तेव्हा."

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "आणि शून्याला शून्याने? तिथे तर कुठलाही आकडा चालेल की! मग?"

बाईंनी कोरी चिठ्ठी पुढे केली. "लिहा."

तो पहिल्या बाकावर कसाबसा मावला. कानामागची पेन्सिल काढून कागदाकडे नुसता बघत राहिला.

"बाबा, सावकाश लिही," लेक म्हणाली. "याला मार्क नसतात."