तोंडातली द्यायची की जादाची?

आमच्या सूनबाईला हवा देता येत नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी भेटेल त्याला ऐकवत होते. नवऱ्याला, मुलाला, मुकादमाला, कपडे वाळत घालताना समोरच्या गॅलरीतल्या बाईलासुद्धा. ती बिचारी म्हणाली, "हवा? कुठली हवा?" आता तिला काय सांगणार, कप्पाळ!

तर तुम्हाला सांगते. मी डायव्हर आहे. बावीस वर्षं तलावावरच्या पंपघराच्या जाळ्या साफ करते. पंप बंद करायचे, कुलूप घालायचं, किल्ली मुकादमाकडे द्यायची आणि पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन खाली उतरायचं. शेवाळ, फांद्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकदा तर अख्खी खुर्ची. खाली कायम दोघांनी जायचं आणि वर तिसऱ्यानं दोर धरायचा. दोर आमचे हे धरतात. खाली माझ्याबरोबर धाकटा दीर असायचा. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याच्या जागी आली कोण, तर माझीच सून! मुलगा माझा चष्म्याच्या दुकानात, बादलीत पाय बुडवायलाही का-कू करणारा. त्यानं बायको केली ती डायव्हिंगचं रीतसर शिक्षण घेतलेली.

भांडण होतं नळीवरून. कागदोपत्री तिला रेग्युलेटर म्हणतात, आम्ही नळीच म्हणतो. प्रत्येकाच्या सिलिंडरला दोन नळ्या असतात. एक आपल्या तोंडात, दुसरी जादाची. जोडीदाराची हवा संपली की तो गळ्यावरून आडवा हात फिरवतो, मग आपण त्याला हवा द्यायची. मी शिकले तेव्हा जादाची द्यायची रीत होती. पिवळीधमक नळी छातीवर अडकवलेली असते, ती काढायची आणि समोरच्याच्या हातात द्यायची. दीर आणि मी वर्षानुवर्षं असाच सराव केला.

आणि ही बया? पहिल्याच सरावाला मी गळ्यावरून हात फिरवला, तर हिनं स्वतःच्या तोंडातली नळी काढली आणि माझ्यापुढे धरली! जादाची हिनं दोरीनं गळ्यात बांधलेली, ती स्वतःच्या तोंडात घातली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वर येऊन मास्क काढायच्या आधीच मी सुरू झाले.

"अगं, आपल्या तोंडातला श्वास कुणी काढून देतं का?"

"आई, तोंडातली चालते हे मला नक्की ठाऊक असतं. आत्ताच तर तिच्यातून श्वास घेतलेला असतो. जादाचीत गाळ गेला असेल तर ते मला कळू दे. हवा संपलेल्या माणसाला कशाला?"

"आणि तुला काही झालं म्हणजे? माझ्या मुलाला काय तोंड दाखवू मी?"

"शिवाय घाबरलेला माणूस जादाची शोधत बसत नाही. तो समोरच्याच्या तोंडातलीच ओढतो."

"मी नाही कुणाची ओढणार," मी म्हणाले. "बावीस वर्षांत नाही ओढली."

"बावीस वर्षांत संपली होती का कधी?" असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. नव्हती संपली. म्हणून मला आणखीच राग आला. आमचे हे दोर गुंडाळता गुंडाळता हसत होते, त्यांच्याकडे मी असं बघितलं की त्यांना एकदम खोकला आला.

गंमत इथवरच होती. पंचवीस वेळा खाली उतरल्यावर नव्या डायव्हरच्या वहीत जुन्यानं सही करायची असते, कारणासकट. सही झाली तर नोकरी पक्की. नाही झाली तर जागा दुसऱ्याला. मुकादमानं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. सही नाही म्हणजे ही परत औषधांच्या कारखान्यात, बाटल्यांवर लेबलं चिकटवायला. ते काम तिनं चार वर्षं केलं होतं आणि त्याचं नाव काढलं तरी तिचा चेहरा उतरायचा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मुलगा तर दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. पण जे मला चूक वाटतं त्याच्यावर सही कशी करू? सासू म्हणून केली असती, डायव्हर म्हणून हात धजत नव्हता.

गुरुवारी तिची पंचविसावी खेप होती. सात मीटर खाली, जाळीच्या तोंडावर काँक्रीटची फळी आहे, तिच्याखाली एक जाडजूड फांदी अडकली होती. जागा चिंचोळी, पाणी गढूळ. मी तिला बाहेर थांबवलं आणि स्वतः आत घुसले. पाठीवरचं सिलिंडर वरच्या काँक्रीटला घासत होतं. खरखर ऐकू येत होती, पण मी लक्ष दिलं नाही. घासता घासता सिलिंडरच्या तोंडाची हवा सोडायची चावी फिरून बंद होत होती, हे मला कळलं ते वर आल्यावर.

एक श्वास जड लागला. दुसरा त्याहून जड. तिसरा आलाच नाही.

माझी जादाची नळीही त्याच सिलिंडरला, म्हणजे उपयोग शून्य. वर जावं तर डोक्यावर काँक्रीट. कशीबशी मागे सरकले आणि वळले. समोर ही. अशा वेळी काय करायचं ते मी बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं. गळ्यावरून हात फिरवायचा आणि थांबायचं. मी हात फिरवला नाही. थांबले नाही. मला फक्त तिच्या तोंडाशी निघणारे बुडबुडे दिसले. मी झडप घातली आणि तिच्या तोंडातली नळी हिसकली.

तिचा हात आधीच नळीवर होता. मी ओढते आहे म्हटल्यावर तिनं मान बाजूला केली, नळी सुटू दिली, आणि गळ्यातली जादाची स्वतःच्या तोंडात घातली. दुसऱ्या हातानं माझा पट्टा घट्ट धरला. मी श्वास घेतला. हवा आली! घटाघटा पाणी प्यावं तशी मी हवा प्यायले. ती माझ्या मास्कमध्ये बघत होती आणि हातानं हळूहळू सांगत होती, सावकाश, सावकाश. माझे श्वास ताळ्यावर येईपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिनं अंगठा वर केला, म्हणजे चल वर, आणि मला धरून, एकेक मीटर करत, वर घेऊन आली.

"काय गं, पांढरीफटक का पडलीस?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. ती माझं सिलिंडर उतरवायला लागली.

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसल्यावर मला दिसलं, तिचा खालचा ओठ फाटला होता. रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं.

"मी ओढताना लागलं का गं?"

"थोडंसं."

"मी खूण केली नाही."

"नाही केली."

"म्हण की मग. म्हण, सांगितलं होतं ना!"

"आई, तुम्ही थरथरताय. आधी टॉवेल घ्या."

मग मात्र मला रडूच फुटलं. लाज वाटली, भीती वाटली, आणि या पोरीबद्दल इतकी माया दाटून आली की तिला काय म्हणावं ते सुचेना. ती माझ्या पाठीवरून टॉवेल फिरवत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "वर कुणाला सांगू नका. जुना डायव्हर गडबडला म्हटलं की तुम्हाला खाली उतरू देणार नाहीत. मी नाही बोलायची कुणाजवळ."

"आणि तुझ्या सहीचं?"

"सही तुमची आहे. पटलं तर करा. याच्या बदल्यात नको."

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं आणि नेहमीचा राग परत आला. बदल्यात म्हणे! मला काय समजते ही? मी तशीच ओल्या केसांनी मुकादमाच्या टेबलापाशी गेले आणि तिची वही मागितली. आधी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आज सिलिंडरची चावी घासून बंद झाली. मी घाबरले. खूण न करता हिच्या तोंडातली नळी हिसकली. हिनं ती सोडली, जादाची स्वतः घेतली आणि मला वर आणलं. हिची रीत बरोबर आहे."

मुकादमानं दोनदा वाचलं. "ताई, हे असंच ठेवलंत तर तिची नोकरी पक्की, पण तुम्हाला परत प्रशिक्षण घ्यावं लागेल. पहिल्यापासून. या वयात पोराटोरांच्या रांगेत उभ्या राहाल?"

"राहीन."

"मी शिकवीन त्यांना," मागून आवाज आला. ओठावर कापूस धरून सूनबाई दारात उभी होती, आणि तिचे डोळे वहीतल्या सहीवर होते.

"शिकव," मी म्हणाले. "पण एक सांगून ठेवते. चारचौघांत माझं चुकलं म्हणायचं नाही."

"चुकलं तर म्हणणार."

मुकादम आ वासून आमच्याकडे बघत राहिला. म्हणणारच ती, मला माहीत होतं. म्हणूनच तर सही केली.