आपण

वकीलसाहेबांनी पुन्हा खुर्ची मागे सारली, खिडकीचा पडदा ओढला आणि ते परत येऊन बसले. खाली मैदानावर संघाचा सराव चालला होता. आज ते बघवत नव्हतं.

काळा कोट उतरवून ते फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक झाले, तरी लोक त्यांना वकीलसाहेबच म्हणत. पूर्वी खेळाडूंच्या बाजूने लढताना त्यांनी याच क्लबला सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडेच या, म्हणजे आम्हाला झोप लागेल." बाईंना झोप लागली, यांची उडाली.

आज थकलेल्या गोलकीपरला नारळ द्यायचा होता. दुखापत बरी होईपर्यंत खेळाडूला काढता येत नाही, हा नियम वकीलसाहेबांनीच भांडून मिळवलेला. पण खेळाडूने राजीखुशीने सही केली तर प्रश्नच मिटला.

"तुमचं ऐकेल तो," मालकीणबाई म्हणाल्या होत्या.

गोलकीपर लंगडत आत आला. एकटाच.

"तुझा वकील कुठाय?"

"हे काय, समोर बसलेत की!" तो हसला आणि दुखरा पाय हाताने उचलून सरळ करत बसला.

सकाळपासून वकीलसाहेब एक वाक्य घोळवत होते : आम्ही असं ठरवलं आहे. कोरडं, पण प्रामाणिक. बोलणारा आता क्लबच्या बाजूचा आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं.

"हे बघ, आपण काय करू..." ते म्हणाले.

जीभ जुन्या सवयीने वळली होती. गोलकीपर विश्वासाने पुढे सरकला. चूक तेव्हाच सुधारता आली असती. पण 'आपण' म्हटल्यावर काम फारच सोपं झालं, आणि ते बोलत राहिले. आपण मानाने बाहेर पडू. आपण उगाच ताणायला नको.

"गुडघा बरा झाला की आणखी एक मोसम खेळेन म्हणत होतो. धाकटीने मला मैदानात पाहिलंच नाही अजून."

"आपण बघू पुढे."

"बरं. तुम्ही म्हणताय तर... सही कुठे करू?"

वकीलसाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

उठताना गोलकीपरने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दाराकडे एक नजर टाकून तो हळूच म्हणाला,

"तुम्ही होतात म्हणून निभावलं, साहेब. नाहीतर या लोकांनी मला गुंडाळलंच असतं."