कुंताच्या डोक्यात उवा नव्हत्या

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी उवा काढायची एक जुनी फणी आहे. आरशाजवळ मिरवणारा तो कंगवा वेगळा. भांग पाडण्याचा मान त्याचा, आणि माझ्या कामाचे तर जेवताना कोणी नावही काढत नाही. तरी ऐका. मला दात पुष्कळ आहेत, पण जीभ नाही. त्यामुळे जे सांगायला हवे होते ते मला सांगता आले नाही, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

माझा जन्म हळदूच्या लाकडातून झाला. धानोऱ्याकडच्या जंगलात ही झाडे खूप. लाकूड पिवळसर आणि हाताला गुळगुळीत. डोमा नावाच्या कारागिराने बारीक करवतीने माझे दात कापले. एका बाजूचे जरा मोकळे ठेवले, दुसऱ्या बाजूचे इतके दाट की केसानेही दमाने जावे. मग तेल पाजून त्याने मला आठवडी बाजारात मांडले. तिथे इंदिराबाईने मला उचलून उन्हात धरले.

"दात दाट हायेत ना, भाऊ?"

"ऊ तं सोडा बाई, लीखबी सुटणार नाई," डोमा म्हणाला.

केवढी फुगले होते मी त्या शब्दांनी!

इंदिराबाई वरोऱ्याकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन या धानाच्या गावात आली, पण माहेरचा ताठा काही सुटला नाही. घर लख्ख, अंगण सारवलेले, एकुलती एक चंदा टापटीप. स्वातंत्र्यानंतर गावात शाळा निघाली, तेव्हा पहिल्या मुलींत चंदा होती. तिच्या शेजारी ढिवरटोलीची कुंता बसायची. कुंताचे आईबाप तळ्यात मासे धरत. दोघींचे असे गूळपीठ की एकीने पाटी पुसली की दुसरीचीही पुसून व्हायची.

रविवारी माझे काम असे. इंदिराबाई चंदाच्या केसांत करंजाचे तेल जिरवी, तिला पुढ्यात बसवी, पांढरे फडके पसरी आणि मला मुळापासून टोकापर्यंत ओढी. प्रत्येक वेळी फडक्यावर झटकी. शेवटी मला कढत पाण्याची अंघोळ. ती पद्धत अगदी बरोबर होती, मित्रांनो. तरी पुढच्या रविवारी फडक्यावर पुन्हा उवा हजर!

का, ते मला ठाऊक होते. आमच्या गावात दुपारी बायका ओसरीवर एकीमागे एक बसून एकमेकींच्या उवा पाहत. सुखदुःखही तिथेच निघे. इंदिराबाई त्या रांगेत कधी बसली नाही. "मी काऊन कोणाच्या हातात डोकं देऊ?" असे म्हणायची. स्वतःच्या केसांवरून माझी मोकळी बाजू घाईघाईने फिरवायची आणि बुचडा घट्ट बांधायची. त्या बुचड्याखाली, मानेजवळ, उवांनी चांगली वस्ती केली होती. खाजले की ती उकाड्याला बोल लावी. आपले डोके आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याला ती दाखवत नव्हती. चंदा तर रोज तिच्याच कुशीत, तिच्याच वाकळीत झोपायची.

कुंताचे डोकेही मी पाहिले आहे. एकदा खेळता खेळता चंदाने मला तिच्या केसांतून फिरवले. दाट, लांब, तेल लावलेले केस. त्यात लीखसुद्धा नव्हती. तिची माय सुकरी ओसरीवरच्या त्या रांगेत बसणारी होती ना!

एका सोमवारी सकाळी इंदिराबाईला चंदाच्या डोक्यात पुन्हा उवा सापडल्या आणि तिचा तोल गेला. मला तशीच, उवांसकट, पदरात गुंडाळून ती थेट शाळेत गेली. भरल्या वर्गात तिने मला वर धरले.

"गुरुजी, हे पाहा! या कुंताच्या डोक्यातून माह्या पोरीच्या डोक्यात येऊन राह्यल्या. हिले अलग बसवा."

सारी मुले वळून कुंताकडे पाहू लागली. गुरुजी भले होते, पण गावातल्या मोठ्या घरच्या बाईपुढे त्यांचे काही चालले नाही. कुंताला दाराशी बसवले. तिचे केस उघडून कोणी पाहिले नाही. पुरावा म्हणून मीच पुरेशी होते. तेव्हा माझे सगळे दात गळून पडले असते तर बरे झाले असते.

पुढचे मला चंदाच्या तोंडून कळले. पोरीची शाळा सुटू नये म्हणून सुकरीने तिचे डोके भादरले. एवढे केस गेले, पण दाराजवळची जागा काही बदलली नाही. मुले मात्र टकली, टकली म्हणून मागे लागली. कुंताने शाळेत जाणे सोडले आणि मायसोबत तळ्यावर जाऊ लागली.

"बरं झालं," इंदिराबाई म्हणाली. "आता तुहं डोकं साफ राह्यन."

राहिले नाही. रविवारमागून रविवार गेले, उवा होत्या तशाच. अखेर एकदा चंदा म्हणाली, "माय, तुह्या डोक्यात पाहू का?"

"माह्या डोक्यात काऊन होईन?" असे म्हणाली खरी, पण मान इतकी खाजत होती की बसली. चंदाने बुचडा सोडला आणि माझी दाट बाजू मानेपासून ओढली. फडके काळे झाले. इंदिराबाई त्याच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ते असे.

"मंग कुंताच्या डोक्यात नोहत्या, माय?" चंदाने विचारले. इंदिराबाई फडके गोळा करून चुलीकडे गेली.

तरी इंदिराबाई वाईट नव्हती. स्वतःचे डोके साफ झाल्यावर ती मला घेऊन ढिवरटोलीत गेली. सुकरी अंगणात जाळे सांधत होती. कुंता जवळच बसली होती, डोक्यावर नुकते खुंट आलेले.

"सुकरे, चुकी झाली माह्यी," इंदिराबाई म्हणाली. "उवा माह्याच डोक्यात होत्या. उद्यापासून धाड पोरीले शाळेत."

सुकरीने जाळे खाली ठेवले, पण बोलली कुंता.

"बाई, तवा तुमी साऱ्या पोरायसमोर बोलल्या होत्या. हे बी तिथंच सांगा. मंग येतो मी."

"सांगीन," इंदिराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मला पदराखाली धरून शाळेच्या पायरीपर्यंत गेली. आत पाढे चालले होते. गुरुजी दाराशी आले. "काय म्हणता, बाई?"

तिची मूठ इतकी आवळली गेली की माझे दात तिच्या तळव्यात रुतले. मला वाटले, आता बोलेल. बोल, बाई, बोल!

"काई नाई, गुरुजी. चंदाची पाटी घरी राह्यली का, ते पाहाले आली होती."

आणि ती परत फिरली.

त्यानंतर कितीतरी सकाळी चंदा शाळेत जाताना पाहायची, कुंता अंघोळ करून, पाटी मांडीवर घेऊन अंगणात बसलेली असे. रविवारी केस विंचरताना ती आईला सांगायची, "माय, कुंता वाट पाहून राह्यली. तू कवा सांगशीन?" इंदिराबाई मला जरा जोराने ओढायची आणि म्हणायची, "सांगीन."

हळूहळू चंदाने विचारणे सोडले. कुंता आता अंगणात बसत नव्हती.

आज माझे निम्मे दात तुटले आहेत. चंदा सासरी गेली, घरात प्लॅस्टिकची फणी आली आणि मी कोनाड्यात धूळ खात पडले आहे. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. एवढेच करा, मित्रांनो. डोक्यात उवा झाल्या तर लाजू नका, लपवू नका, कोणावर ढकलू नका. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहा, आईचेसुद्धा. आणि कोणाला चारचौघांत नाव ठेवले असेल, तर चारचौघांतच जाऊन आपली चूक सांगा. आजच जा. समोरचे माणूस पाटी घेऊन फार दिवस बसून राहत नाही.