रडलं की भाव पडतो

मोर्णेच्या काठी, अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, नत्थुजी माळ्याचा मळा होता. होता म्हणायचं, कारण सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि वऱ्हाडात ज्याच्याकडे हातभर काळी जमीन होती तो एका हंगामात शहाणा झाला. नत्थुजींनी वांगी उपटली, मेथी नांगरली, पार विहिरीच्या काठापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. दोन वर्षांत घरावर कौलं चढली, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या, आणि कोण्या साहेबाच्या लिलावातून एक खुर्ची आली. नत्थुजी तिच्यावर मांडी घालून बसत. पाय खाली सोडले की त्यांना मुंग्या येत.

पार्बताबाईला मात्र परसदारानं यावं लागे. ती नत्थुजींच्या सुनेची, शकुनची, मावशी. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन गल्लोगल्ली हिंडणारी विहीण शेठाच्या पुढच्या दारी शोभत नाही, असा निकाल झाला होता. पार्बताबाईला त्याचं हसू येई. कोणतं वांगं वरून तुळतुळीत आणि आतून किडकं, हे तिला देठावरून कळे. माणसांचंही ती देठच पाही. बहिणीच्या माघारी शकुनला तिनंच वाढवलं, तिनंच नत्थुजींच्या देवीदासाला दिलं. माळ्याच्या घरात दिलेली पोर आता शेठाच्या घरात निघाली, ही तिच्या हिशेबी फसवणूकच होती.

गेल्या जेठात शकुनचं बाळ बाराव्या दिवशी गेलं. नेमका त्याच दिवशी बाजारात कापसाचा भाव उतरला. नत्थुजींनी दोहोंची गाठ मारली: घरात रडारड झाली म्हणून लक्ष्मी रुसली. तेव्हापासून फर्मान निघालं, या घरात कोणी डोळ्याला पदर लावायचा नाही. रडलं की भाव पडतो! देवीदास महिना महिना खामगावच्या बाजारात. कापसाचे बोजे आपल्या ताब्यात आणि बायकोचं दुःख बापाच्या, अशी त्यानं वाटणी केली होती. शेठाच्या सुनेनं वावरात जायचं नाही म्हणून शकुन माजघरात बसून. हाताला काम नाही, डोळ्याला पाणी नाही.

माघात एकदा पार्बताबाई आली तर शकुनच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत चांदी.

"नवे गोठ केले सुनेले," सासू मैनाबाई म्हणाली. "अख्ख्या आळीत नाई कोनाच्या घरी असे."

पार्बताबाईनं हात धरला. शकुननं तो मागं ओढला, पण तेवढ्यात गोठाच्या कडेचा ताजा व्रण दिसलाच.

"हे काय वं?"

"चुलीपाशी भाजलं," मैनाबाई म्हणाली.

"आन् हा जुना? चूल काय दर आठ दिवसांनी बलावून घेते काय हिले?"

मैनाबाईचा आवाज उतरला. "सोताच करून घेते वं, इहीनबाई. बाहेरची बाधा हाय. तेल्हाऱ्याचा भगत आनला व्हता. अंगारा देऊन, कोंबडं खाऊन गेला."

"मंग बाधा कोंबड्याले झाली म्हना. आन् वरून चांदी काहून?"

"मानसं येतेत-जातेत. बरं नाई दिसत."

शिळ्या भाजीवर पाणी मारून विकणारे पार्बताबाईनं जन्मभर पाहिले होते. जखमेवर चांदी मढवणारे आज पाहिले. तिनं गोठ उतरवायला लावले, वैद्याकडून लेप आणवला, आणि जिनं इजा होईल अशी घरातली वस्तूनवस्तू मैनाबाईच्या कुलपात घालायला लावली. मग मैनाबाईला बाहेर काढून शकुनपाशी बसली आणि जेवलीस का, असं विचारावं तसं विचारलं,

"मरावं वाटते काय, पोरी?"

आठ महिन्यांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. शकुननं मान वर केली.

"मरावं नाई वाटत, मावशी. आत कोंडते. रडू आलं का मामाजी बाहेरून खाकरतेत. मंग हे करते. घटकाभर सारं चूप होते. मंग लाज वाटते, आन् ते दुप्पट होऊन येते."

"आलं का किती वेळ राह्यते?"

"जन्मभर राहीन असं वाटते."

"पाह्यलं काय कधी, किती राह्यते ते?"

"नाई."

"तुहा मावसा गेला तवा मलेबी विहीर बलावे," पार्बताबाई म्हणाली. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "माह्या सासूनं अंगारा नाई लावला. वाफ्याले पानी देयाले लावलं. म्हने, हा एक वाफा भरू दे, मंग जाय कुठं जायचं ते. तो भरला का म्हने, आता दुसरा. बांधावर बसून राहे. शिव्या देई, पन उठून जात नसे."

"मंग?"

"मंग काय! कधी तीन वाफे लागत, कधी दहा. पन मळा सराच्या आंधी ते सरे. दर खेपेले."

आता वाफे आणायचे कुठून? सगळीकडं पऱ्हाटी. पार्बताबाई पदर सावरून थेट खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

"शेठाची सून चिखलात?" नत्थुजी गरजले. "लोक काय म्हनतीन?"

"अमरावतीच्या अडत्याइच्या घरी गेले नाई वाटते तुमी, व्याहीबुवा. तिथं सुना आपल्या हातानं बगीचा राखतेत. गरिबानं केलं त काम, शेठानं केलं त शौक."

अमरावतीत पार्बताबाईनं अंबादेवीच्या देवळापलीकडं काही पाहिलेलं नव्हतं. नत्थुजींनीही नव्हतं, म्हणून बरं.

"आपन काय अमरावतीवाल्याइपेक्षा कमी हाओ?" नत्थुजी म्हणाले. सुनेच्या अश्रूंपुढं जो माणूस आठ महिने हलला नाही, तो अमरावतीच्या नावानं खुर्चीतून उठला. दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळची पऱ्हाटी निघाली. बारा वाफे पडले, मोटेला गडी लागला. झेंडू लावला, मधून मेथी. मेथी दिसली तर, अशी नत्थुजींना धास्ती. "विलायती गवत म्हना," पार्बताबाईनं सांगितलं, आणि नत्थुजी चार पाहुण्यांना खरंच तसं सांगून बसले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तेही नवे शेठच होते.

आत कोंडायला लागलं की शकुन खोरं घेऊन निघे. पाटाचं गार पाणी पायावर येई, ती बांध फोडी, वाफा भरे, बांध घाली, पुढचा फोडी. पार्बताबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधी.

फागुनात एकदा चुकलंच. शकुननं हात पदराखाली लपवला, पण संध्याकाळच्या आत आपल्या तोंडानं सांगितलं. मैनाबाईनं कपाळावर हात मारला. पार्बताबाईनं लेप लावता लावता विचारलं, "किती वाफे झाले व्हते?"

"चार."

"मंग चार कुठं गेले नाई. उद्या पाचव्यापासून. आन् मी नसली का कोनाले हाक मारशीन?"

"भिंतीले?"

"सासूले."

दोघी हसल्या. त्या घरात रडण्यावर बंदी होती, हसण्यावर नव्हती, पण तेही कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"येतीन काय त्या?"

"नाई आली त मी पाहून घेते तिले. पन हाक मारायची. मनातल्या मनात नाई, तोंडानं."

चैतात एका लग्नघरी भाजी पोचवता पोचवता पार्बताबाईला दुपार झाली. परसाच्या काटेरी कुपाशी येते तोच तिला मैनाबाईचा आवाज आला.

"माह्या लुगड्याचं पोतेरं झालं वं! किती राह्यले अजून?"

"सातवा हाय, आत्याबाई. बसा न जराशा."

"चिखलात बसू?"

पार्बताबाई कुपाआड थांबली. शकुन खोऱ्यानं पाणी वळवत होती. आणि बांधावर, घोट्यापर्यंत चिखलात, शेठाणी उभी. तोंड चालू, पाय जागच्या जागी. हाक मारली होती तर, आणि ती आलीही होती!

आठवा वाफा फोडता फोडता शकुन थबकली.

"त्याचे केस लई व्हते, आत्याबाई. पार कानावर येत."

शकुनच्या हातून खोरं सुटलं आणि तिनं हंबरडा फोडला. दहा महिन्यांचा साठा होता तो. मोटेवरच्या गड्यानं बैल थांबवले. घरातून खुर्ची कोसळल्याचा आवाज आला, पाठोपाठ नत्थुजी अर्ध्या पगडीनिशी धावत आले.

"बंद करा! बंद करा म्हन्तो न! आज खामगावले सौदा हाय. भाव पडन!"

तीस वर्षं मैनाबाईनं या माणसाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. वांगी उपटा म्हणाला, उपटली. सुनेला चांदी घाल म्हणाला, घातली. रडू नको म्हणाला, तर स्वतःच्या नातवासाठी रडली नाही.

"पडू द्या," ती म्हणाली. "नातू माहाबी व्हता."

आणि बसली चिखलात, लुगड्यासकट, सुनेच्या गळ्यात हात टाकून. नत्थुजी एकदा बायकोकडं, एकदा गड्याकडं बघत उभे राहिले. बाजाराला फर्मान देता येत नाही, तसं बायकोलाही आता येत नाही, एवढं त्यांना कळलं असावं. कारण ते पगडी सावरत आत गेले आणि या खेपेस खाकरले नाहीत.

पार्बताबाईनं टोपली खाली ठेवली. रडणाऱ्या दोघींना रडू द्यावं. त्यांना आज मध्ये कोणी नको होतं. पण आठवा वाफा फुटला होता आणि पाणी मेथीवरून सैरावैरा धावत होतं, आणि तिकडं बघायला त्या शेठांच्या घरात एकही माळी उरला नव्हता. तिनं लुगडं खोचलं, खोरं उचललं आणि पाणी नवव्यात वळवलं.