डॉबसन यांचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला ढकलून तुम्ही कुठल्याच घरात पोहोचणार नाही. माझ्या अलीकडे मँचेस्टरच्या रेडिओ स्टुडिओची फरशी आहे आणि पलीकडेही तीच फरशी आहे. भिंत नाही, छप्पर नाही. मी आपल्या चौकटीसकट खोलीच्या मध्येच उभा असतो आणि माझ्या चौकटीला खाली चाकं आहेत.

स्टुडिओच्या सुतारानं मला घडवलं तेव्हाच माझं नशीब ठरलं. त्यानं माझ्या एका अंगाला पितळी मूठ आणि ठोठावायची कडी बसवली, दुसऱ्या अंगाला साधी खिटी. वर अडसर, मध्ये टपाल टाकायची फट आणि खाली चक्क तुरुंगाचं कुलूप. एकाच दरवाजानं सगळ्या गावाची दारं व्हायचं, असा हिशेब होता. श्रुतिकेत कुणी उमरावाच्या हवेलीत शिरो नाहीतर कोठडीत, उघडायचं मीच. ऐकणाऱ्यांना मी दिसायचोसुद्धा म्हणे, कुणाला हिरवा, कुणाला काळा. खरा रंग मला कुणी लावलाच नाही. जो दिसणारच नाही त्याला रंग कोण लावतो?

मला सांभाळायची मॉरीन. मला उघडणं, आपटणं, कपबशा वाजवणं, नारळाच्या करवंट्यांनी घोडा पळवणं, ही सगळी तिची कामं. नटांनी माइकपाशी उभं राहायचं, हातातला कागद वाचायचा आणि पान उलटताना आवाज करायचा नाही. दाराला हात लावायचा नाही, हा तर पक्का नियम. नटानं दार उघडायला सुरुवात केली तर उद्या मॉरीननं काय करायचं?

सिरिल ऑर्मरॉड पहिल्यांदा आला तेव्हा तो एका श्रुतिकेतला तिसरा पोलीस होता. त्याला वाक्यं दोन होती. लांब चेहऱ्याचा, खांदे पाडून चालणारा माणूस. तो सरळ माझ्याकडे आला आणि त्यानं माझी मूठ धरली.

“ए बाबा, हात काढ,” मॉरीन म्हणाली. “दार माझं आहे.”

“माफ कर. पण दार उघडल्याशिवाय मला आत आल्यासारखं वाटत नाही.”

“वाटायचंय काय त्यात? वाचायचं आणि घरी जायचं.”

“एकदा उघडू दे. ऐकायला वाईट वाटलं तर परत तू आहेसच.”

तिनं उघडू दिलं. ध्वनिफीत परत लावून ऐकली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “ठीक आहे. पण मूठ घामट करायची नाही.” त्या दिवसापासून नियम होता तिथेच राहिला आणि सिरिल आपलं दार आपण उघडू लागला.

आता मला कळतं तेवढ्यातली गोष्ट सांगतो. माणसं सिरिलचा आवाज ऐकायची, पण मला त्याचा हात ठाऊक होता. तो पाद्री असला की मूठ दोन बोटांनी धरायचा, जणू ती गरम आहे. डॉक्टर असला की मूठ फिरवून मला खांद्यानं लोटायचा, कारण हातात पेटी. जप्तीचा अंमलदार झाला की आत आल्यावरही मूठ सोडायचा नाही. कागद न बघता, नुसत्या पकडीवरून मला कळायचं, आज कोण आलंय ते. एवढा नट होता तो. पण नायकाचं काम त्याला कधी मिळालं नाही, आणि मिळावं म्हणून त्यानं कुणाचे उंबरठे झिजवल्याचंही मी ऐकलं नाही.

मधूनमधून तो टीव्हीवर जायचा. मला टीव्ही कसा असतो ते माहीत नाही, जे काही कळलं ते चहाच्या वेळेला त्यांच्या बोलण्यातून. तिथेही हेच, कधी दंडाधिकारी, कधी दुकानदार, कधी प्रेत सापडल्याची वर्दी देणारा माळी.

“काल बसमध्ये एका बाईनं हात धरला,” तो एकदा म्हणाला. “म्हणते, तुम्ही आमच्या हॅलिफॅक्सच्या पोस्टात होतात ना?”

“मग? सांगितलंस ना, मी नट आहे म्हणून?”

“छे! म्हटलं, हो, होतो.”

“अरे देवा! सिरिल!”

“पोस्टमास्तर भेटला म्हणून तिला किती आनंद झाला, तू बघायला हवं होतंस. नट भेटून एवढा झाला नसता. आणि नाव सांगून उपयोग काय? माझं नाव कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावरून इतक्या भरकन वर सरकतं, आमच्या बहिणीला अजून ते वाचता आलेलं नाही.”

मग त्याला डॉबसन मिळाला. मिसेस हॅकेट नावाच्या बाईचं भाडेकरू ठेवायचं घर, त्याची ती मालिका होती. डॉबसन त्यातला एक भाडेकरू, बटणांचा फिरता विक्रेता. दिवसभर भटकून संध्याकाळी घरी यायचा, पाय पुसायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि काहीतरी तिरकस बोलायचा. बस, एवढंच काम. पण काय सांगू मित्रांनो, लोकांना त्याचा लळा लागला. ‘डॉबसन आले’ म्हटलं की बायका चुलीवरचे बटाटे उतरवायच्या, म्हणजे ते बरोबर शिजलेले असायचे. दर गुरुवारी रेकॉर्डिंग असायचं आणि दर गुरुवारी मी डॉबसनला घरी आणायचो. ही माझी चांगली वर्षं होती. तेव्हा तसं कळलं नाही. चांगली वर्षं चालू असताना कुणाला कळतात?

मग सिरिलचा घसा गेला. आधी खरखर, मग शस्त्रक्रिया. परत आला तेव्हा गळ्याला मफलर होता आणि तोंडातून नुसती फुंकर यायची. जवळ उभं राहिलं तर शब्द कळायचे, पण माइकला त्यातलं काही कळायचं नाही. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, असं म्हणतात. रेडिओवर तर जो बोलत नाही तो खोलीत नसतोच.

लेखकानं तोडगा काढला. डॉबसन बोलणार नाही, पण येईल. दार, पाय पुसणं, टोपी, जिना. मिसेस हॅकेट त्याला म्हणेल, “काय हो, आजही घसा बसलाय वाटतं?” आणि तो वर निघून जाईल. यात नटाचं काम कुठे होतं? नव्हतंच. बोलायचं नसेल तर नटाला बोलावणं जात नाही, दार उघडायला मॉरीन आहे. सिरिललाही बोलावणं गेलं नाही. तरी तो गुरुवारी आला, कोट काढला आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला.

मॉरीननं त्याच्याकडे पाहिलं. ती बाजूला झाली.

असे बरेच गुरुवार गेले. तो यायचा, मला उघडायचा, पाय पुसायचा आणि जायचा. चहाच्या वेळेला दोघं खोक्यावर बसायची.

“टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं,” तो एकदा फुसफुसला. “दोनदा.”

“अरे वा! कशासाठी?”

“प्रेत. दोन्ही वेळा.”

“बरंच झालं की. पाठांतर नाही.”

“श्वास धरावा लागतो.”

तो हसला नाही. तीही हसली नाही. दोघांनी आपापला चहा संपवला.

“तुला कसं वाटतं रे हल्ली?” मॉरीननं विचारलं.

“काही नाही वाटत. सकाळी उठतो, काही वाटत नाही. गुरुवारी मूठ धरली की तेवढ्यापुरता डॉबसन होतो. त्याला वाटतं थोडंफार. पाय दुखतात त्याचे, भूक लागते त्याला. तेवढंच.” बोलून त्याला धाप लागली. “हे गेलं तर मग काही नाही गं.”

तेव्हा मला कळलं की तो माझ्याकडे काय मागायला येतो. मी नुसता लाकडाचा. पण त्याला माणूस व्हायला आठवड्यातून एकदा मीच लागत होतो.

मग नवा प्रोड्यूसर आला. जाइल्स त्याचं नाव. तरुण होता, पोलो गळ्याचा स्वेटर घालायचा. वाईट नव्हता हो तो, हे आधीच सांगून ठेवतो. काचेपलीकडे बसून त्यानं एक भाग ऐकला आणि आत आला.

“दाराशी कोण उभे आहेत ते?”

“डॉबसन,” मॉरीन म्हणाली.

“डॉबसन तर बोलत नाही.”

“बोलत नाही म्हणून काय झालं? येतो तर.”

जाइल्सनं केसांतून हात फिरवला. “मिस्टर ऑर्मरॉड, तुम्हाला दुखवायचं नाही मला. पण लोक विचारतात, डॉबसन रुसलेत का, घरात काही बिनसलंय का. माणूस रोज घरी येतो आणि महिनोन् महिने तोंडातून शब्द काढत नाही. किती दिवस ऐकवायचं त्यांना हे? त्यापेक्षा त्याला नीट निरोप देऊ या. तुम्हालाही ते बरं वाटेल.”

सिरिलनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही.

ठरलं असं. डॉबसन क्रू नावाच्या गावच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना बाकावरच प्राण सोडेल, म्हणजे ऐकू न येता. ऐकू येईल ते फक्त घर. मिसेस हॅकेट टेबल मांडते, त्याची वाट बघते, दार उघडत नाही आणि फोन वाजतो.

“म्हणजे या भागात दार नाही,” जाइल्सनं कागदावर रेघ मारली. “मॉरीन, ते मागे ढकलून ठेव.”

मॉरीननं माझ्या चौकटीला हात घातला, एवढ्यात सिरिल पुढे झाला. “मी उभा राहू?”

“कशासाठी? तिथे काहीच करायचं नाहीये.”

“माहीत आहे.”

मिसेस हॅकेटचं काम बेरिल करायची. जाडजूड बाई, शिव्याही गोड आवाजात द्यायची. ती खुर्चीवरून म्हणाली, “जाइल्स बाळा, त्याला राहू दे तिथे. मला हवाय तो.”

“अहो, पण ऐकू कुणाला येणार?”

“मला बघायला लागतं ना! मागे कुणीच नसलेल्या दाराकडे बघून मी काय वाट बघणार, माझं डोंबल? तिथे कुणीतरी येण्यासारखा हवा, आणि तो येता कामा नये.”

जाइल्सनं हात टेकले. “बरं. पण कुणी कशाला हात लावायचा नाही.”

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. सिरिल माझ्या पलीकडे उभा राहिला, बाहेरच्या बाजूला. बेरिल ताटं मांडू लागली. मॉरीन काटे-चमचे वाजवत होती. थोड्या वेळानं माझ्या मुठीवर हात आला.

मित्रांनो, मी तो हात ओळखायचा प्रयत्न केला. पाद्र्याची दोन बोटं नव्हती, डॉक्टरचा खांदा नव्हता. डॉबसनचाही नव्हता, तो दमलेला असला तरी जेवायच्या घाईनं मूठ धरायचा. हा नुसता टेकलेला होता, थंड. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच सिरिल ऑर्मरॉडचा स्वतःचा हात अनुभवत होतो. त्याला पुढे यायचं नव्हतं आणि मागेही जायचं नव्हतं.

“साडेसहा झाले,” बेरिल म्हणाली. “येतीलच आता.”

कितीतरी वर्षं हेच त्याच्या प्रवेशाचं वाक्य होतं. हे ऐकलं की त्यानं यायचं. त्यानं विचार केला असेल असं मला वाटत नाही. हात आपोआप फिरला आणि माझा खटका सुटला. खट्.

मी उघडलो नाही. फक्त तो आवाज झाला, स्वच्छ, आणि माइकनं तो घेतला. मॉरीनच्या हातातला काटा हवेत राहिला. काचेपलीकडे जाइल्स अर्धवट उठला. एवढ्या काळात सिरिलच्या हातून झालेली ही एकच चूक.

बेरिलनं कागद खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “खटका सैल झालाय या दाराचा. डॉबसन आले की सांगते त्यांना. तेच घट्ट करतील.”

आणि तिनं एक ताट थोडं सरकवलं. फोन वाजला.

दिवा विझला. मग काचेमागून जाइल्सचा आवाज आला, “राहू दे तसंच.” सिरिलनं मूठ सोडली, इतक्या हळू की दुसरा आवाज झाला नाही.

मॉरीननं त्याला कोट घालायला मदत केली. “काही वाटलं?” तिनं विचारलं.

“नाही,” तो फुसफुसला. “तुला?”

“मलाही नाही.”

ती दोघं बसपर्यंत बरोबर गेली. पुढच्या गुरुवारी तो आला नाही.

भाग रेडिओवर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार पेचकस घेऊन आला. कुणीतरी ऐकलं होतं, दाराचा खटका सैल आहे म्हणून. मॉरीननं त्याला परत पाठवलं. “काही सैल नाही. हात लावू नकोस,” ती म्हणाली आणि करवंट्या पुसत बसली.

आता मी सामानाच्या खोलीत असतो. दारांचे आवाज ध्वनिफितींवर भरून ठेवलेत, त्यांना तेल लागत नाही की हात लागत नाही. माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगायचंय, बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेल घाला, दार आपटू नका आणि मुठीवर ओले हात ठेवू नका. आणि तुमच्या घरी रोज ठरलेल्या वेळेला कुणी येत असेल, तर खटका वाजला की मान वर करून बघत जा. आत येणारा काही बोलणार नसला, तरीही बघा.