फोन तिकडे चालेल ना?

आईला जाऊन वर्ष झालं, तरी दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "तुझा फोन लागत नव्हता गं." मी मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. दिवसभर हातात फोन, समोर फोन, आणि माझाच लागत नव्हता म्हणे! आई शेवटपर्यंत माझं नाव घेत होती, हे दादाच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं. दादानं कळवलं ते सगळं आटोपल्यावर. माझी रडारड नको होती त्याला, दुसरं काय!

तोच दादा परवा दुकानात आला. कामासाठी पहिल्यांदाच परदेशी निघाला होता, म्हणून बाबांना माझ्या घरी सोडून आला होता. त्यानं फोन काउंटरवर ठेवला.

"जरा बघ बरं. हा तिकडे चालेल ना? उतरल्याउतरल्या फोन करतो म्हणून बाबांना सांगितलंय."

मी बघितलं. हँडसेट ठीक होता, पण रोमिंग बंद. ते इथूनच सुरू करून जावं लागतं. तिकडे पोचल्यावर ते सुरू करायला लागणारा कंपनीचा मेसेजच येत नाही, मग बसा बोंबलत. माझं दोन मिनिटांचं काम. बोट स्क्रीनवर टेकलंसुद्धा. मग आई आठवली आणि मी ते उचललं.

"चालेल," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो रे, चालेल."

खोटं कुठे बोलले? जेवायला उशीर झाला तरी आपण चालेल म्हणतो. त्याचा फोन मुका झाला तर मला चालणार होतं, अगदी आनंदानं चालणार होतं. अनोळखी विमानतळावर फोन कानाला लावून वणवण फिरणारा दादा डोळ्यांसमोर आला, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्तच गेले.

काल सकाळी त्याचं विमान उतरलं. दुपारी मी बाबांना वाढलं. ते मांडीवर फोन घेऊन खिडकीशी बसले होते.

"जेवून घ्या बाबा, गार होतंय."

"त्याचा आवाज ऐकला की जेवतो."

भोगायचं होतं दादानं, आणि उपाशी बसले होते बाबा.

"नसेल लागत एखादे वेळी," मी म्हटलं.

"न लागायला काय झालं? तू बघून दिलायस ना?"

मी मान डोलावली. त्यांनी फोन नीट सावरून घेतला आणि पुन्हा वाट बघायला लागले.