एका कठड्यावरून अख्खा चिखलदरा

नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत कोणाला चिखलदऱ्याची माहिती हवी असेल तर त्यानं बाबारावांना विचारू नये. ते सांगतात. सांगता सांगता चहा थंड होतो, दिवेलागण होते, आणि भीम अजून कीचकाच्या मानेपर्यंतही पोचलेला नसतो. भीमानं कीचकाला मारून तिथल्या दरीत फेकला आणि कुंडात हात धुतले, हे सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. पण बाबाराव असं सांगत, जणू हात पुसायला टॉवेल त्यांनीच दिला होता.

बाबारावांचं सदर बाजारात चष्म्याचं दुकान. नजर म्हणजे आपला खानदानी धंदा, असं ते छाती काढून म्हणत. त्यांच्या बायकोचं, जिजाबाईंचं, म्हणणं वेगळं होतं. कॉलेजच्या ट्रिपला निघालेले बाबाराव घाटाच्या पायथ्याला, परतवाड्यालाच, उलट्या करून उतरले आणि मित्र वरून येईपर्यंत स्टँडवर लिंबू चोखत बसले, एवढाच त्यांचा चिखलदरा. पण जिजाबाई हे फक्त बायकांत सांगत, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या मुलीचं, रितिकाचं, जितेंद्रशी जमलं होतं. जितेंद्रची एक ट्रॅव्हल बस, केशव नावाचा एक ड्रायव्हर, आणि सात पॉइंटचे फोटो छापलेलं एक रंगीत पत्रक. बाबारावांना गाडीवाला जावई नको होता. रितिका हटेना. शेवटी गणपतीच्या वर्गणीसाठी अख्खी गल्ली जमली असताना बाबारावांनी जाहीर करून टाकलं की जितेंद्रनं गल्लीला चिखलदरा दाखवावा, पत्रकातले साती पॉइंट दाखवावे, मुलगी त्याची. एक पॉइंट सुटला तर दुसरा मुलगा पाहू. आता गल्लीसमोर बोललेलं मागं घेणं म्हणजे धरमपेठेत राहणं सोडणं. जितेंद्रलाही मागं हटता येईना आणि बाबारावांनाही.

ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मे महिन्यात उघड्या डोक्यानं भाजी आणणारी ही माणसं, पण घाट लागायच्या आधीच सगळ्यांनी कानटोप्या घातल्या. रात्री परतवाड्याला मुक्काम केला आणि सकाळी वर चढलो, तर धुकं. आता तुम्ही म्हणाल, धुकं आम्हीही पाहिलंय. नाही पाहिलं. मी टपरीवर काळा चहा मागितला, तो माझ्या हातात येईस्तोवर दुधाचा झाला. केशवनं खिडकी उघडली तर धुकं आत येऊन मागच्या सीटवर बसलं, आणि जिजाबाईंनी त्याला सरकून जागा दिली.

पहिल्या वळणापुढं एक शिट्टी वाजली. शिट्टीमागं पोलीस असावा. त्यानं न दिसताच केशवच्या खिडकीशी येऊन हळू आवाजात सांगितलं की दरड पडली आहे, रस्ता उद्यापर्यंत बंद, गाडी वळवा. साती पॉइंट दरडीच्या पलीकडे. जितेंद्र खाली उतरला आणि डोकं धरून बसला. त्याच्या मागोमाग रितिका उतरली. माझ्या वयाच्या माणसाला गाडी कुठंही थांबली की उतरावंच लागतं, म्हणून झुडपाआडून पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"संपलं वं सगळं," जितेंद्र म्हणाला. "एक बी पॉइंट दाखवता येत नाही."

"पप्पांना काही दिसून राहिलं का?" रितिकानं विचारलं.

"नाही."

"मग तुला दाखवायचं काय टेन्शन आहे?"

जितेंद्रनं वर पाहिलं. मीही झुडपातून पाहिलं. चष्मेवाल्याच्या घरात एवढी नजर असेल असं मला वाटलं नव्हतं.

थोडं मागं, रस्त्याच्या कडेला एक लोखंडी कठडा होता. बस तिथं थांबली. जितेंद्रनं घसा साफ केला आणि सांगितलं की ही कीचकदरी. आम्ही सगळे रांगेनं कठड्याला टेकलो आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहून वा म्हणालो. खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो. सगळ्यांच्यात एकटा गप्प राहिला की माणूस गावंढळ दिसतो.

आता बाबारावांना अडचण झाली. इथं काही दिसत नाही म्हणावं, तर इतकी वर्षं सांगितलेला चिखलदरा गेला. त्यांनी एक गोटा उचलला आणि कठड्यापलीकडं भिरकावला. आम्ही कान लावले. आवाज आला नाही.

"ऐका," ते म्हणाले. "पडलाच नाही अजून."

गल्ली हादरली. आमच्या शेजारच्या शोभाताईंनी नातवाला मागं ओढलं. बाबारावांनी बोट करून कीचक जिथं आपटला तो खडक दाखवला, आणि जितेंद्रनं सांगितलेली खोली अगदीच कमी आहे म्हणून त्याला सगळ्यांसमोर झापलं. जितेंद्रनं मान खाली घालून खोली वाढवली.

मग बस टपरीला वळसा घालून पुन्हा त्याच कठड्याशी आली. हे भीमकुंड. बसच्या आड केशव कॅनमधलं पाणी खडीवर ओतत होता, आणि धबधब्याचे तुषार तोंडावर येतात असं तीन बायकांनी सांगितलं. पुन्हा वळसा, तोच कठडा, आता गाविलगडचा किल्ला. बाबारावांनी बुरूज मोजून दाखवले. पत्रकात कोरकू लोकांचं नृत्यही होतं. कॅन आता रिकामा झाला होता, तो केशवनं बसमागं बसून बडवला. त्याचे व्हिडिओ अजून आमच्या ग्रुपवर आहेत. त्यात पांढरं दिसतं आणि कॅन वाजतो. खाली लोकांनी लिहिलंय, आपली संस्कृती किती समृद्ध.

प्रत्येक ठिकाणी बाबाराव गोटा टाकत आणि गल्ली चिप्सची पाकिटं. दरीत टाकलेलं कोणाला दिसतं? बसमध्ये भांडण लागलं. शोभाताईंच्या मते गाविलगडाचा व्ह्यू बेस्ट, बाकीच्यांना कीचकदरी पसंत, आणि दोन्हींकडे फोटोत तेच पांढरं.

पंचबोल पॉइंटला मात्र नुसतं बघून भागणार नव्हतं. तिथं हाक मारली की दरी उलट हाक देते, हे पत्रकात लिहिलेलं. बाबारावांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि स्वतःचंच नाव हाकारलं. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली, आणि धुक्यातून बाईच्या आवाजात उत्तर आलं, "काय हाय गा?"

सगळे बाबारावांकडं बघायला लागले. बाबारावांनी पापणीही लवू दिली नाही. थंडीत प्रतिध्वनी बारीक होतो, असं ते म्हणाले. आणि शब्द बदलले त्याचं काय, असं शोभाताईंनी विचारलं, तर म्हणाले की दरी फार जुनी आहे, तिला आता बोलायची सवय झाली आहे.

सातवा पॉइंट सूर्यास्ताचा. आम्ही जेवून ढेकर देत, दुपारीच, तिथं उभे राहिलो. धुक्यात सूर्य कुठवर आलाय हे कोणाला कळणार? पण सूर्याच्याच बहुतेक ते मनाला लागलं. वारा सुटला, आणि डोळ्यांदेखत, कोणी चादर ओढावी तसं धुकं निघून गेलं.

कठड्याच्या पलीकडे बटाट्याचं वावर होतं. कठड्यापासून वीतभर खाली. पुढं एक झोपडी, आणि एक बकरी आमच्याकडं बघत चावत होती. तो कठडा मंजूर झाला होता खऱ्या कड्यासाठी, पण कंत्राटदारानं जिथं ट्रक सोपा उतरला तिथं ठोकून दिला, हे आम्हाला मागाहून टपरीवर कळलं. जितेंद्रला फक्त कठडा एकच आहे हे माहीत होतं. दरी अजिबात नाही, हे त्यालाही नवीन होतं. त्याचा चेहरा असा झाला की धुकं त्याच्या तोंडावर जाऊन बसलं म्हणावं.

वावरात मेणकापड पांघरलेली एक बाई तण निंदत होती. फुलवंती कासदेकर. तिनं घमेलं उचललं, कठड्यापाशी आली आणि बाबारावांच्या बुटांपुढं ठेवलं. त्यात चिखलानं माखलेले गोटे होते आणि आमची पाकिटं.

"गोटे कोणं फेकले?" तिनं विचारलं. "एक माह्या पाठीत बसला."

सगळी गल्ली बाबारावांकडं बघत होती. रितिका जितेंद्रजवळ जाऊन उभी राहिली. बाबारावांनी बोट उगारलं, जितेंद्रकडं वळवलं, तोंड उघडलं, आणि ते तिथंच थांबले. जितेंद्रला खोटारडा म्हणावं, तर न पडलेला गोटा कोणी ऐकला होता? बुरूज कोणी मोजले होते? ते बोट हवेत बराच वेळ लटकत राहिलं. मग ते हळूहळू खाली आलं आणि नमस्कारात मिळालं.

"बाई," बाबाराव अदबीनं म्हणाले, "एवढ्या खोल दरीतून तुम्ही वर आल्या कशा?"

फुलवंतीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग वावराकडं. मग ओळीनं आमच्या कानटोप्यांकडं.

"चढून," ती म्हणाली. "सकायपासून चढून राहिली. लय दमली. चहा पाजा आता, अन् हे घाण तुमच्या गाडीत भरा."

शोभाताईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. डोंगरातली माणसं किती काटक, यावर कौतुक सुरू झालं, आणि त्या कौतुकात आम्ही वाकून वाकून तिच्या वावरातली पाकिटं वेचली. चहा बाबारावांनी स्वतः आणून दिला. तो तिनं कठड्यावर बसून, दरीत पाय सोडून प्यायला.

परतताना बसमध्ये सगळे आपापल्या फोनवर गावभर फोटो पाठवत होते. पुढच्या रविवारसाठी बसमधल्या सगळ्या सीट तिथंच बुक झाल्या. आपण जे पाहिलं ते शेजारच्या गल्लीनंही पाहावं, अशी सगळ्यांची तळमळ होती.

अमरावती मागं पडली तेव्हा बाबारावांनी जितेंद्रला आपल्या शेजारी बोलावलं. रितिका पुढच्या सीटवर पाठ ताठ करून बसली. बाबाराव बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिले.

"आता लग्नाचा हॉल दाखवाले नेशील न गा मले," ते हळूच म्हणाले, "तं ऊन पडल्यावर नेजो."